आठशे फुटांचा वारा

भिकननाना बसलेले आहेत असा एकही फोटो आमच्याकडे नाही. गेल्या हिवाळ्यात ते गेले तेव्हा त्यांच्या मुलीनं, शोभाताईनं, मला फोन करून विचारलं, "मॅडम, भिंतीवर लावायला नानांचा एखादा चांगला फोटो आहे का तुमच्याकडे?" मी पाच वर्षांचे फोटो उपसले. शेकड्यांनी निघाले. प्रत्येकात नाना होते आणि एकाही फोटोत धड नव्हते. कुठे नुसता खांदा, कुठे वर केलेला हात. कुठे सगळे ओळीत उभे राहून हसताहेत आणि कडेला पांढऱ्या सदऱ्याचा एक पुसट फराटा. तो फराटा म्हणजे नाना. फोटो काढणारा "रेडी" म्हणेपर्यंत त्यांना पलीकडे काहीतरी हललेलं दिसायचं आणि ते चालू पडायचे. शेवटी मी त्यातल्या त्यात बरा असा एक फोटो पाठवला. त्यात ते पाठमोरे उभे राहून पाण्याकडे बघताहेत. शोभाताईनं तोच लावला. घरी येणारे पाहुणे भिंतीवरची ती पाठ बघून बुचकळ्यात पडतात म्हणे.

नाना चहा चालत चालत प्यायचे. बशीतला चहा हिंदकळून पायावर सांडायचा, ते बशी दुसऱ्या हातात घ्यायचे आणि चालत राहायचे. घरी जेवतानाही तीनदा उठून ओसरीवर जाऊन येतात, अशी शोभाताईची तक्रार होती. मी स्वतःही एका जागी टिकणारी बाई नाही. शाळेत खेळाची शिक्षिका आहे, त्यामुळे हा दोष गुण म्हणून खपून गेला. पण नानांसमोर मी म्हणजे अगदीच थंड गोळा. आम्ही दोघं बोलायला लागलो की बघणाऱ्याला वाटायचं, या दोघांची गाडी सुटते आहे.

गाडी नव्हे, वारा सुटत असायचा. वरणगावच्या पलीकडे तापीला धरणाचा फुगवटा आहे. तिथे आम्ही मुलांना शिडाच्या होड्या शिकवायला लागलो. कॉलेजात असताना एनसीसीच्या नौदल विभागात मी शीड धरायला शिकले होते, ती खाज अंगात राहिली होती. चार लहान होड्या, विंडसर्फिंगच्या दोन जुन्या फळ्या, एक मोटरबोट आणि पत्र्याची शेड, एवढा आमचा संसार. जळगाव-भुसावळच्या माणसाला शिडाची होडी म्हणजे समुद्र आठवतो. "इथं कुठं वारा आहे?" असं मला लोकांनी तोंडावर विचारलं आहे. वारा आहे. माघापासून दुपारी पश्चिमेचा वारा तापीच्या खोऱ्यात असा शिरतो की दोरीवरचे कपडे शेजाऱ्याच्या अंगणात सापडतात. प्रश्न एवढाच, की तो किती वाजता सुटेल, कोणत्या कोपऱ्यात किती लागेल, आणि दहा वर्षांचं पोर कुठे सोडायचं. हे सांगणारा माणूस आमच्याकडे नव्हता. मी होते, पण मला येत नव्हतं, आणि येत नाही हे मान्य करायची माझी तयारी नव्हती.

पहिल्याच भेटीत नानांनी मला चिडवलं. मी वाऱ्याची दिशा कळावी म्हणून शेडच्या छपरावर हौसेनं झेंडा लावला होता. एक सावळे, काटकुळे गृहस्थ काठावरून आले, झेंड्याकडे बघितलं, शेडला एक फेरी मारली, पुन्हा बघितलं आणि म्हणाले, "मॅडम, हाऊ झेंडा शेडना वारा सांगी ऱ्हायना. पानीना नही."

"म्हणजे?"

"पत्रा तापस. वारा पत्रावर चढस, मंग गिरकी लेस. तठे पानीवर बांबू रोवा."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. कोण कुठला माणूस येतो आणि चार लोकांत अक्कल शिकवतो! मी म्हटलं, "आम्ही बघू." तीन दिवस बघितलं. झेंडा दक्षिणेकडे आणि होड्या भलतीकडे. चौथ्या दिवशी कुणी आलं नव्हतं तेव्हा मी गुपचूप झेंडा उतरवला. संध्याकाळी नाना खांद्यावर सोललेला बांबू घेऊन हजर. झेंड्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. मलाच बांबू धरायला लावला आणि स्वतः काठाच्या चिखलात उतरून दगडानं ठोकत बसले, म्हणजे उभ्या उभ्या ठोकत राहिले.

त्यांचं गाव नरडाण्याजवळ. साक्रीच्या माळावर पवनचक्क्या यायच्या आधी तिथे वारा किती, हे मोजायला उंच खांब उभे केले होते. त्या खांबांवरची यंत्रं सांभाळायचं काम नानांनी कित्येक वर्षं केलं. ताण दिलेल्या तारा तपासायच्या, वर चढून यंत्राची भोवरी साफ करायची, आकडे उतरवून कचेरीत पोचवायचे. पुढे पवनचक्क्या आल्या, खांब निघाले आणि नानांचं कामही संपलं. बायको आधीच गेली होती. वरणगावला जावई नोकरीला, म्हणून ते मुलीकडे राहायला आले. सगळं गाव इकडच्या बोलीत बोलणारं, आणि हे एकटे 'आहे'ला 'शे' आणि 'सगळा'ला 'बठ्ठा' म्हणत फिरायचे. वारा मोजायला मिळेना म्हणून त्यांची तगमग चालली होती. आमची शेड दिसली आणि त्यांना घर सापडलं.

आता नानांच्या कामाची खरी गोम सांगते. आमच्या आठशे फुटांच्या पाण्याच्या पश्चिम काठाला केळीच्या सहा बागा आहेत. वारा पश्चिमेचा. म्हणजे तो आधी केळीवर आदळतो आणि मग पाण्यावर येतो. बाग पुरुष-दीड पुरुष उंच उभी असली की तिच्यापुढच्या पाण्यावर चांगला आडोसा मिळतो. पण केळी म्हणजे काही डोंगर नाही. ती लावतात, वाढते, घड कापले की खोडं पाडतात. मग कधी बुंध्याशी फुटलेलं पील, म्हणजे नवे कोंब, वाढवून त्याचीच पिलबाग धरतात, कधी सगळं मोडून रान मोकळं करतात. म्हणजे आमच्या पाण्यावरचा वारा आकाशात ठरायचा त्याहून जास्त सहा शेतकऱ्यांच्या मनात ठरायचा. ही गोष्ट मला तोवर कधी सुचली नव्हती. नानांना आठ दिवसांत कळली.

मग त्यांची फेरी सुरू झाली. रोज सकाळी सहाही बागा पायी. प्रत्येक बांधावर तेच प्रश्न. घड कधी कापणार? पील ठेवणार की मोडणार? बांधावरची शेवरी छाटणार का? शेतकरी आधी हसले, मग वैतागले. पुंडलिकभाऊ चौधरींची बाग आमच्या अगदी लहान मुलांच्या कोपऱ्याला लागून. ते एकदा म्हणाले, "नाना, बाग माहा हाय का तुमचा? रोज काय इचारून रायले?" नाना म्हणाले, "बाग तुना. वारा मना." पुंडलिकभाऊंना हे इतकं आवडलं की त्यानंतर ते स्वतःच काठावर येऊन, "नाना, उद्या दोन ओळी कापतो बरं," असं सांगून जायला लागले.

फेरीनंतर नाना शेडमधल्या फळ्यावर खडूनं पाण्याचा आकार काढायचे. उभी बाग हिरवी, मोडलेली रिकामी. त्यावर वाऱ्याचे बाण. मोबाइलमध्ये वाऱ्याचं ॲप त्यांनी माझ्याआधी घेतलं होतं आणि ते त्याला मानतही. "हाऊ बठ्ठा जिल्हाना वारा सांगस," ते म्हणायचे, "आपले आपला आठशे फूटना सांगना शे." कुणी पालकानं घाई केली, "नाना, अंदाजे सांगा की," तर ते जागच्या जागी थांबायचे. ते थांबले की समजावं, रागावलेत. "तुले वारा पायजे का मनं मत पायजे?" मतं बठ्ठ्यांकडे असतात, ती घेऊन पोरगं पाण्यात सोडू नये, असं त्यांचं म्हणणं.

हा छंद त्यांना कुठेही गाठायचा. भीमजयंतीच्या मिरवणुकीत नाना लेझमीच्या मागं नाचत होते. चौकात आल्यावर त्यांनी वर बघितलं, तर निळे झेंडे तीन बाजूंना तीन तऱ्हेनं फडफडत होते. नाना नाचायचे थांबले ते थांबलेच. मागची सगळी रांग त्यांच्यावर येऊन आदळली. ढोलवाल्यानं शिवी हासडली. नाना मात्र बोट वर करून शेजारच्याला सांगत होते की नवी इमारत झाली म्हणून चौकाचा वारा फिरला. शोभाताईनं दंडाला धरून त्यांना बाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला ही गोष्ट सांगितली ती लाजून नव्हे, तक्रार म्हणून. कुणालाच त्यात गोडी वाटली नाही याचं त्यांना वाईट वाटलं होतं.

चौथ्या वर्षी राज्याच्या संघटनेनं लहान मुलांची निवड चाचणी आमच्या पाण्यावर घ्यायचं ठरवलं. मला आकाश ठेंगणं झालं. आमच्या पोरांना मुंबईपर्यंत धावावं लागणार नव्हतं, आणि ही एक चाचणी नीट पार पडली की दरवर्षीची आमच्याकडेच. पण पाटबंधारे खात्याची परवानगी वर्षावर्षाची होती आणि त्यात साफ लिहिलं होतं की काही अपघात झाला तर पाणी बंद. म्हणजे पाणी बंद, शेड बंद, आणि मी पुन्हा शाळेच्या मैदानावर शिट्टी फुंकायला मोकळी. मी महिनाभर भुतासारखी फिरत होते.

नेमकं तेव्हाच नरडाण्याहून निरोप आला, नानांची मोठी बहीण अंथरुणाला खिळली. सगळे तिला अक्का म्हणत. नाना गेले. जाण्याआधी पुंडलिकभाऊंना विचारून गेले. भाऊ म्हणाले होते, घड निघाले की खोडं पाडतो, पण पील ठेवणार, पील आत्ताच छातीइतकं आहे. नानांनी फळ्यावर ती बाग हिरवी केली आणि नऊ दिवस ते तिकडे होते. रोज सकाळी फोन. अक्कांबद्दल एक वाक्य, वाऱ्याबद्दल दहा. आठव्या दिवशी अक्का गेल्या. मी म्हटलं, "नाना, तुम्ही येऊ नका, आम्ही करतो." ते म्हणाले, "आठे बसीसन काय करू?"

चाचणीच्या सकाळी ते पहाटेच्या गाडीनं निघून थेट काठावर आले. डोळे तांबारलेले, दाढी वाढलेली. पिशवीही खाली ठेवली नाही. म्हणाले, "मी फेरी मारी येस."

मी म्हणाले, "नाना, आज फेरी राहू द्या."

पाहुणे आले होते. संघटनेचे दोघं घड्याळ बघत होते. पालकांची गर्दी, जेवणाचा टेम्पो वाटेत अडकलेला, लाउडस्पीकर खरखरतोय. मी नानांच्या हातातली पिशवी अक्षरशः ओढून घेतली. "तुम्हाला सगळं पाठ आहे. पाच मिनिटांत वारा सांगा, की सुरू करू."

नाना फळ्यासमोर उभे राहिले. खडू घेतला. पुंडलिकभाऊंच्या बागेचा हिरवा रंग नऊ दिवसांत पुसट झाला होता, तो त्यांनी पुन्हा गिरवला. मी शेजारीच उभी होते. मग म्हणाले, "धाकला पोऱ्हे त्या कोपरामा सोडा. तठे आडोसा शे."

शेडवरून ती बाग दिसत नाही, मध्ये काठाचं वळण आहे.

दुपारी दीडच्या सुमाराला वारा चढला. मोठ्या मुलांच्या होड्या झकास पळत होत्या. लहान मुलांच्या कोपऱ्यात मात्र एकाएकी पाणी काळं पडलं आणि बघता बघता तीन होड्या आडव्या झाल्या. दोन मुलं वर आली. तिसरी होडी सनाची. अकरा वर्षांची सना, आमची शिडं शिवून देणाऱ्या युसूफभाईंची मुलगी. ती शिडाखाली अडकली होती. मोटरबोट पोचेपर्यंत किती वेळ गेला ते मी आजही सांगू शकत नाही. मला एवढंच आठवतं की माझ्या आधी नाना पाण्यात शिरले होते, धोतरासकट, छातीपर्यंत, हात पुढे करून. त्यांना पोहता येत नव्हतं. चार वर्षांत हे मी त्यांना विचारलंही नव्हतं. एकीकडे मोटरबोटीनं सनाला वर घेतलं आणि दुसरीकडे दोन बापांनी नानांना मागं ओढलं. सना निळी पडली होती. तीन दिवस दवाखान्यात राहिली आणि बरी झाली, हे आता एका ओळीत लिहिता येतं.

पुंडलिकभाऊंनी पील ठेवलं नव्हतं. बागेवर रोग दिसला म्हणून त्यांनी चार दिवसांपूर्वी सगळं मोडून रान रोटाव्हेटरनं साफ केलं होतं. शेजारच्या दोन उभ्या बागांच्या मधून वारा बोळातून यावा तसा आला आणि नेमका लहान मुलांवर उतरला. भाऊ सांगायला शेडवर आले होते, पण नाना नाहीत असं कळल्यावर परत गेले. मॅडमना बागेचं काय सांगायचं, असं त्यांना वाटलं.

आणि मॅडमना ते माहीत होतं. त्या दिवशी सकाळी मी झेंड्यांचा भारा घेऊन त्याच रानातून आडवाटेनं काठावर आले होते. मोकळ्या रानातून, खोडांच्या चिंधड्या तुडवत. "बरं झालं, वाट मोकळी झाली," असं मनात म्हटल्याचंही मला आठवतं. मग तासाभरानं मी नानांना तीच बाग हिरवी करताना बघितलं आणि माझ्या डोक्यात काहीही पेटलं नाही. जेवणाचा टेम्पो होता डोक्यात.

आठ दिवसांनी विश्रामगृहात बैठक झाली. एक पाटबंधाऱ्याचे साहेब, एक संघटनेचे, एक शाळेचे. त्यांनी विचारलं, वारा कुणी सांगितला? नाना भिंतीला टेकून उभे होते. खुर्ची दिली होती, बसले नाहीत. म्हणाले, "मी."

"पाहणी केली होती?"

"नही. फेरी न मारता मी सांगं. चुकी मनी शे."

मी टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासाकडे बघत राहिले. मी म्हणू शकत होते की फेरीला मी जाऊ दिलं नाही, की रान मोकळं झालेलं मी बघितलं होतं. दोन वाक्यं. तोंडातून ब्र निघाला नाही. ठराव झाला की पाणी चालू राहील, फक्त यापुढे शिक्षण नसलेल्या माणसानं वाऱ्याचा अंदाज देऊ नये. माझा जीव भांड्यात पडला. तो भांड्यात पडल्याचा आवाज मला स्वतःला ऐकू आला आणि मला माझीच किळस आली.

नाना शेडवर यायचे थांबले. पण फेरी थांबली नाही. रोज सकाळी सहाही बांधांवर ते दिसायचे, पूर्वीसारखेच विचारत. विचारून झालं की कुणालाही काहीही न सांगता घरी जायचे. फळा मी पुसून टाकला होता. आम्ही ॲप बघायचो, बांबूवरचा झेंडा बघायचो, आणि वारा जरा चढला की मी घाबरून सगळ्यांना बाहेर काढायचे. मुलं कुरकुरायची. मी त्यांच्यावर खेकसायचे. घरी नवऱ्यावर खेकसायचे. चार महिने मी कुठे म्हणून स्वस्थ बसले नाही.

शेवटी एका सकाळी मी त्यांना पुंडलिकभाऊंच्या बांधावर गाठलं. नवी रोपं गुडघ्याइतकी झाली होती. मी सगळं एका दमात सांगितलं. आडवाट, झेंडे, मोकळं रान, बैठकीतला ग्लास. नाना चालत होते, मी मागून चालत बोलत होते. माझं संपलं तेव्हा ते थांबले.

"माले माहीत शे," ते म्हणाले.

"काय?"

"तू त्या रानमाईन उनी व्हती ते. तुनी पांढरी प्यांटले केळीना चीकना डाग व्हतात. ताजा. उभा बागमाईन उनं ते चीक लागस नही. मी फळाजोडे उभा व्हतू, तवय देखं. देखं, पन इचारं नही. अक्कानं मयत डोकामा व्हतं."

मला रडू आलं. मी म्हटलं, "मग बैठकीत सांगितलं का नाहीत?"

"काय सांगू? तू सांगं नही, मी इचारं नही. वारा सांगानं काम कोनं व्हतं? मनं. मंग?"

"मी पत्र लिहिते साहेबांना."

"लिख," नाना म्हणाले. "पन मनासाठे नको लिखू. तुनासाठे लिख." आणि पुढच्या बांधाकडे निघाले.

मी लिहिलं, काही न झाकता. वाटलं होतं की पाणी जाईल. उत्तर यायला खूप दिवस लागले. आलं ते तीन ओळींचं. पत्राची नोंद घेतली, यापुढे वाऱ्याबाबतचा निर्णय आणि जबाबदारी प्रशिक्षकाची राहील, त्यानं योग्य वाटेल त्याचा सल्ला घ्यावा. मी ते पत्र घेऊन धावत नानांकडे गेले. ओसरीवर येरझाऱ्या चालल्या होत्या. मी म्हटलं, "चला आता. फळा तयार आहे." नानांनी कागद वाचला, घडी करून परत दिला.

"तू इचारशी. तू ते इचारशीच," ते म्हणाले. "पन ज्यानं पोर पानीमा उतरस, तो आते माले इचारी का?"

याचं उत्तर खरं तर फक्त एका माणसाकडे होतं, आणि त्या माणसासमोर जायची माझी हिंमत नव्हती. युसूफभाईंचं वरणगावात ताडपत्री शिवायचं दुकान. अपघातानंतरही आमची फाटकी शिडं ते शिवून पाठवत होते, पण कामगाराच्या हाती. स्वतः आले नाहीत. सनाला तर पाण्याचं नावही काढू देत नव्हते. त्यांची बायको मला बाजारात दिसली की रस्ता बदलायची. मी तिच्या जागी असते तर मीही तेच केलं असतं.

पुढच्या माघात, हंगामाच्या पहिल्याच रविवारी, युसूफभाईंची स्कूटर काठावर आली. मागे सना, तोंड फुगवलेली. मी पुढे झाले. त्यांनी मला सलाम केला आणि माझ्या शेजारून सरळ पुढे गेले. दूर बांधावर नाना उभे होते, नेहमीसारखे, कुणाचेच नसल्यासारखे. मी मागोमाग गेले. मला वाटलं, आता हा माणूस वर्षभराचं सगळं बोलणार, आणि त्याला तो हक्क आहे.

युसूफभाई म्हणाले, "नाना, या पोरीनं घरात जेवण सोडलंय. मला पाण्यातलं काही समजत नाही. तुम्ही सांगा, आज हिला सोडू का?"

नानांनी सनाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग म्हणाले, "फेरी मारी येस."

मी तोंड घट्ट मिटून बाजूला झाले. दोन तास लागले. शेडवर पालकांची चुळबुळ सुरू झाली, मुलं होड्यांत चढून-उतरून कंटाळली, सनानं पाण्यात पाय बुडवले आणि बापानं डोळे वटारल्यावर बाहेर काढले. नाना आले ते घामानं निथळत.

"आज नको."

"का?" हे मीच विचारलं. पाणी आरशासारखं पडलं होतं. ॲपही वारा नाही म्हणत होतं.

"पाच वावरं इचारात. सहावा वावरवाला पाचोराले जायेल शे. फोन बंद. मजूर विळे लिसन बसेल शेतस, आज पाडानं का उद्या, त्यास्लेबी माहीत नही. दुपारले तो बाग उभा ऱ्हाई का नही, माले माहीत नही." ते दम घ्यायला थांबले. "माहीत नही, म्हनीसन नको."

सनानं भोकाड पसरलं. दोन पालक उघड कुरकुरले, हंगामातला पहिला रविवार वाया, वारा तर दिसत नाही कुठे. युसूफभाई शेडच्या सावलीत गेले, फाटलेलं एक शीड मांडीवर घेतलं, खिशातून सुई-दोरा काढला आणि शिवत बसले. सगळा दिवस.

आणि त्या सगळ्या दिवसात पान हललं नाही. दुपारचा एक वाजला, तीन वाजले, पाणी तसंच. शेवरीचा शेंडासुद्धा डुलला नाही. चार वाजता तो सहावा शेतकरी पाचोऱ्याहून आला आणि मजुरांवर ओरडला की बाग तर पुढच्या आठवड्यात पाडायची आहे, तुम्हाला कुणी बसवलं इथं! नाना शेडभोवती फेऱ्या घालत होते. मला त्यांची दया यायला लागली. वर्षभरानं कुणी विचारलं आणि नेमका आजच अंदाज फसावा. उन्हं कलल्यावर मी जवळ जाऊन हळूच म्हटलं, "नाना, वारा आलाच नाही."

नाना सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "नही उना. आज मी चुकनू!" आणि हसले. बैठकीनंतर पहिल्यांदाच मी त्यांना हसताना बघितलं.

युसूफभाईंनी दोरा दातानं तोडला, शिडाची घडी केली आणि उठून उभे राहिले.

"नाना," ते म्हणाले, "उद्या कितीला आणू हिला?"